मेजरसाबची सही

पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ शारजात उतरला आणि मेजर झाला. अल नहदातली आमची सगळी बिल्डिंग त्याला 'मेजरसाब' म्हणायची, कारण तसं म्हटलं नाही तर तो लिफ्टचं दार अडवून उभा राहायचा. नोकरी म्हणाल तर एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझरची. लष्करातली सगळी वर्षंही भांडारात ब्लँकेटं मोजण्यात गेलेली. मला त्याचा मनापासून तिटकारा होता.

कागद वाचणं त्याला कमीपणाचं वाटे. माझ्या टायपिंग सेंटरवर व्हिसाचा अर्ज घेऊन आला की म्हणायचा, "वाचायचं क्लार्कने, साइन करायची ऑफिसरने. यल्ला, पेन दे."

साठी जवळ आल्यावर त्याने बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सोडायचं ठरवलं. कारण त्यानेच मला सांगितलं, तेही वहिनींनी आणून दिलेला चहा पीत, त्यांच्यासमोर. "मी मेल्यावर हिला फॅमिली पेन्शन कशाला? सर्व्हिस मी केली. डिव्होर्स झाला की खलास." ही सर्व्हिस करत तो गावोगाव फिरला, तेव्हा दर बदलीला ट्रंका बांधल्या वहिनींनी, मुलगी वाढवली तीही त्यांनीच. पण ते कुठल्या रजिस्टरला नव्हतं.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "वेगळी राहते मी. पण फारकत देणार नाही."

गावाकडच्या वकिलाला त्याने फोनवर हुकूम सोडला, "काय लिहायचं ते तिच्याशी बोलून लिही. मला फक्त साइन कुठे करायची ते सांग." वकिलाने तसंच केलं आणि कागद माझ्याकडे छापायला पाठवले. मी ते वाचले. त्यात घटस्फोट नव्हताच. कोर्टाच्या परवानगीने वेगळं राहायचं, एवढंच होतं. म्हणजे बायको कायद्याने बायकोच राहणार आणि नवऱ्यामागची पेन्शनही तिचीच.

"साहेब, एकदा वाचून घ्या," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

"हबीबी, क्लार्क तू आहेस."

त्याने प्रत्येक पानावर झोकात सही ठोकली. मी गप्प बसलो, आणि त्याचं मला आजवर जराही वाईट वाटलेलं नाही.

पुढे तीन-चार वर्षं तो "आपण आता फ्री" म्हणत बिल्डिंगभर मिरवला. मग एके सकाळी ड्युटीवर जाताना बस स्टॉपवरच हार्ट अटॅकने गेला. लिफ्ट त्या दिवशी कुणी अडवली नाही.

वहिनी आता दुबईत, सिलिकॉन ओएसिसला मुलीकडे असतात. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, त्याचा फॉर्म भरायला त्या माझ्याकडेच येतात. दिवंगत पतीच्या हुद्द्यापुढे मी 'सुभेदार' टाइप करतो. वहिनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचतात. मगच सही करतात.