बंद दवाखान्याचा फोन

"आई, तो फोन इकडे दे."

"नाही देणार."

"तू डॉक्टर नाहीस."

"जन्मलास तेव्हा तूही नव्हतास."

सून शाल्मली मध्ये पडली. "आई, मुकुंद काळजीपोटी बोलतोय."

"तो घाबरून बोलतोय. तू त्याला काळजी म्हणतेस."

सोमवारची दुपार होती. वेस्ट मांबलममधल्या आमच्या दवाखान्याचं शटर एक ते पाच अर्धं खाली असतं. मुलगा आणि सून दोघंही दातांचे डॉक्टर. मी आठवी पास. पण दवाखाना बंद असताना जो फोन वाजतो, तो लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हापासून मीच उचलते. आमचे हे, तेही दातांचेच डॉक्टर, होते तेव्हा तो काळा, जड फोन होता. हे गेले, आता मोबाइल आला. उचलणारा हात तोच आहे.

भांडणाचं कारण आदल्या दिवशीचं. रविवारी दुपारी पद्मनाभन सरांच्या घरून फोन आला आणि मी त्यांना इथे येऊच दिलं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मुकुंदला न विचारता. सर आमचे वीस वर्षांपासूनचे पेशंट. त्यांच्या बायकोने, जानकी मामींनी, ऑटोत बसता बसता सगळ्या गल्लीला ऐकवलं की दातवाल्या म्हातारीने आम्हाला हाकललं. आणि तेव्हापासून हॉस्पिटलातून काही खबर नव्हती.

"सरांना काही झालं तर?" मुकुंद म्हणाला. "लोक विचारतील, सल्ला कुणी दिला? काय सांगू, माझ्या आईने?"

"सांग. आडनावासकट सांग."

थांबा. हे भांडण बराच वेळ चाललं, ते कुठे पळून जात नाही. तोवर मी कोण आणि तो फोन माझ्याकडे का, ते ऐका.

आमच्या माळ्यावर प्लास्टरचे साचे आहेत. कवळी करताना जबड्याचा साचा घेतात ना, ते. जागा अडते, पण फेकवत नाहीत, कारण एकेक साचा म्हणजे कुणाचं तरी तोंड आहे. बंद दवाखान्याचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. दाढ काही आमच्या वेळेचा बोर्ड वाचून दुखायला लागत नाही.

आणि शिकले कशी? कुणी शिकवलं नाही. तमिळ मी बसच्या पाट्यांवरून शिकले, इंग्रजी यांच्या जाड पुस्तकांतून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. दुपारी हे घोरायचे आणि मी दाढेला मुळं किती असतात ते वाचायचे. शाल्मलीला हे कॉलेजात शिकवलं, तेव्हा मला ते माहीत होऊन पंचवीस वर्षं झाली होती. हे मी तिला वरचेवर सांगते.

* * *

एकदा पहाटे साडेचारला फोन. पलीकडे एक नादस्वरमवाला, म्हणजे इकडचा सनईवाला. सहा वाजता मुहूर्त, मंडप आमच्या मागच्याच रस्त्यावर, आणि मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, खाताना त्याची पुढच्या दातांची कवळी मोडलेली.

"दवाखाना उघडल्यावर या," असं फोनला उत्तर देणाऱ्या मशीनने सांगितलं असतं. मी म्हटलं, "दोन्ही तुकडे घेऊन ये. एकही हरवू नकोस."

मुकुंदला उठवलं. त्याने अर्ध्या तासात तुकडे जोडले, घासले, तोंडात बसवले. नादस्वरमवाल्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "सार, दिसतं छान. पण वाजवल्याशिवाय कसं कळणार?"

मुकुंद नको नको म्हणेपर्यंत त्याने वेटिंग रूममध्ये नादस्वरम तोंडाला लावलं. सोबत तविल, म्हणजे ढोल, वाजवणारा आला होता, त्याला राहवेना, त्यानेही तविल गळ्यात घातला. पहाटे सव्वापाचला, बारा बाय दहाच्या खोलीत.

वरच्या मजल्यावरच्या रुक्मिणी मामी धाडधाड खाली आल्या. मुकुंद माफी मागायला पुढे झाला, तर मामी हात जोडून उभ्या. घरात लग्नाची मुलगी, तीन वर्षं स्थळं बघत होते, आणि पहाटे उठताच कानावर मंगल वाद्य. त्याच महिन्यात मुलीचं ठरलं.

आता मामींना धाकटीची काळजी आहे. जिन्यात भेटल्या की हळूच विचारतात, "त्या माणसाची कवळी परत कधी मोडेल हो?"

* * *

सौरभ अकोल्याचा. इथे एका कंपनीत इंजिनियर, अड्यारला चौघांत मिळून फ्लॅट. एका शनिवारी दुपारी दोन वाजता त्याने इंग्रजीत सांगितलं की वेदना दहापैकी आठ आहे. मी मराठीत विचारलं, "तोंड किती उघडतं? दोन बोटं जातात आत?"

 पलीकडून हुंदका आला. मोठा मिशीवाला मुलगा, मराठी ऐकून रडला.

मला कळलं अक्कलदाढ आहे, तिच्यावरची हिरडी सुजलीय. मी सांगत होते, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कर आणि पाचला ये. तेवढ्यात तिसराच आवाज आला. त्याने आईला आधीच फोनवर घेऊन ठेवलं होतं.

"अहो, बाहेरून चांगला शेक द्यायला सांगा," ती अकोल्याहून म्हणाली. "आणि दाढेत हिंग भरायला."

"शेकाने सूज वाढेल. हिंग आमटीत घाला."

"माझा मुलगा आहे तो."

"मुलगा तुमचा, पण दाढ आता माझी," मी म्हणाले.

दाढ निघाली. आता ती बाई मला ताई म्हणते आणि दर रविवारी फोन करून सौरभ पोळ्या खातो की नुसताच भात, याचा अहवाल मागते. दाढेचा फोन आहे, बाई, म्हणून दोनदा सांगून पाहिलं.

* * *

चुकतेही. सांगते, मला लाज नाही.

एन्नोरचा एक मासेमार. फोनवर म्हणाला, खालची दाढ ठणकतेय, चावता येत नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, किडलीय, काढावी लागेल, तयारीने ये. तो बिचारा ट्रेन बदलून आला. मुकुंदने पाहिलं, तर दाढ धडधाकट. हिरडीत माशाचा काटा रुतून बसलेला. दोन मिनिटांत काढला.

मासेमार ओशाळला. "अम्मा, आमच्या वस्तीत कुणाला सांगू नका. जन्म गेला माशांत, आणि मला काटा." म्हणून त्याचं नाव मी सांगत नाही.

पण मी धडा घेतला. दुसऱ्या दिवसापासून फोन आला की माझा पहिला प्रश्न, "मासे खाल्ले होते?"

तिसऱ्या दिवशी समोरच्या गल्लीतल्या अलमेलू मामींचा फोन आला. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा जपून जातो. नातवाच्या हिरडीतून रक्त येत होतं. मी विचारलं, "मासे खाल्ले होते?"

मामींनी फोन आपटला. मुकुंदने डोक्याला हात लावला. "आई, कुणाला काय विचारावं?"

दहा मिनिटांनी परत फोन. नातू स्वतः होता, मला पाटी म्हणजे आजी म्हणणारा, गच्चीवरून, अगदी खालच्या आवाजात.

"पाटी," तो म्हणाला, "ऑफिसच्या कँटीनमध्ये. काल."

* * *

एका रविवारी सकाळी अकरा वाजता बास्केटबॉलच्या कोचचा फोन. त्याच्या टीममधली निवेदिता, बारा वर्षांची, तिचा समोरचा दात चेंडू लागून मुळासकट बाहेर पडला होता. पोरगी रडत होती आणि तिच्यापेक्षा कोच जास्त घाबरला होता.

"दात सापडला का?"

"हातात आहे, अम्मा. रुमालाने पुसतो."

"पुसलास तर बघ. मुळाला बोट लावू नकोस, वरून धर. दुधात टाक आणि धावत ये."

"दूध नाही इथे. आसपास एकच गाडी आहे, शहाळीवाल्याची."

मी क्षणभर विचार केला. दात कोरडा पडला की गेला, हे मला पक्कं माहीत होतं. आणि झाडाने इतक्या बंदोबस्तात ठेवलेलं पाणी घाण असेल कसं?

"मग शहाळ्यात टाक."

"भरलेल्या की थोडं पिऊन?"

"तू काही पिऊ नकोस. ये."

वीस मिनिटांत कोच दारात. दोन्ही हातांत शहाळं, पूजेचा कलश आणावा तसं. मागे निवेदिता, तोंडाला टॉवेल. मुकुंदने शहाळ्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, हे काय आहे?"

"तिचा दात आहे. कामाला लाग."

त्याने दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला. तोवर शाल्मलीने पुस्तक काढलं. पान उलटता उलटता थांबली. "मुकुंद, चालतं. शहाळ्याचं पाणी चालतं. इथे लिहिलंय."

 मी ते पान उघडंच ठेवायला सांगितलं, संध्याकाळपर्यंत.

दात टिकला. निवेदिता त्याने मक्याचं कणीस खाते. आणि शहाळीवाल्याकडे गेले की तो कोयता उचलून आधी विचारतो, "अम्मा, प्यायला की दाताला?"

* * *

आता पद्मनाभन सर.

त्या रविवारी दुपारी जानकी मामींचा फोन आला तेव्हा मुकुंद आणि शाल्मली अड्यारला लग्नाला गेले होते. मामी म्हणाल्या, सरांची खालची दाढ तीन दिवस दुखतेय, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतायत, आता सूज आलीय, तुम्ही दवाखाना उघडा, आम्ही निघालो.

मी म्हटलं, "आधी सरांना फोन द्या."

सर गणिताचे मास्तर. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा त्यांचा. त्या दिवशी मात्र आवाज असा, जणू तोंडात गरम इडली धरून बोलतायत. मी विचारलं, थुंकी गिळता येते? नाही, टॉवेलात टिपतोय. जीभ वर उचलल्यासारखी वाटते? हो. मामींना विचारलं, सूज एका गालाला की हनुवटीच्या खाली, दोन्ही बाजूंना? दोन्ही बाजूंना, मानेपर्यंत.

 हे मी एकदाच वाचलं होतं, यांच्या पुस्तकात, आणि यांनी त्या पानावर लाल पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. ही सूज आत श्वासावर चढते. आमची खुर्ची त्या कामाची नाही.

"इकडे येऊ नका," मी म्हणाले. "थेट मोठ्या हॉस्पिटलात, इमर्जन्सीत. आत्ता. सरांना आडवं करू नका, बसवूनच न्या."

"वीस वर्षं येतोय आम्ही, आणि तुम्ही हाकलता?"

"हो. हाकलते. निघा."

मुकुंदला लगेच फोन लावला, चार वेळा. लग्नाच्या वाजंत्रीत त्याला ऐकू आला नाही. रात्री घरी आल्यावर कळलं, तेव्हा तो आधी जागच्या जागी बसला. मग सोमवारी दुपारी, शटर खाली गेल्यावर, तोंड उघडलं. तेच भांडण, जे मघाशी तुम्ही ऐकलंत.

चार तास चाललं. शाल्मलीने दोनदा कॉफी केली, दोन्ही वेळा गार झाली. मी मोठमोठ्याने बोलत होते, पण खरं सांगते, मनात एकच होतं, सर श्वास घेतायत ना. माझं चुकलं असतं तर फोन मी स्वतःहून त्याच्या टेबलावर ठेवला असता.

पाचला शटर वर केलं. दारात सरांची मुलगी वैदेही. मुकुंदचा चेहरा पांढरा पडला.

"अप्पा ठीक आहेत," ती म्हणाली, आणि मी पहिल्यांदा खाली बसले. "काल संध्याकाळीच ऑपरेशन केलं. हनुवटीखालून पू काढला. सर्जन म्हणाले, वाटेत कुठे दवाखान्यात तासभर थांबला असतात तर घसा बंद झाला असता." मग माझ्याकडे वळली. "पाटी, अम्माने निरोप दिलाय. गल्लीत ती स्वतः घरोघर जाऊन सांगणार आहे."

"सावकाश जा म्हणावं. घरं बरीच आहेत."

तिने पर्समधून कागद काढला. कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं, ते नाव हॉस्पिटलला हवं होतं. मुकुंदने कागद घेतला, पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचं नाव लिहिलं. त्याचे कान लाल झाले होते.  मला कागदावर जायचं नव्हतं, मला फोन हवा होता.

वैदेही गेली. मुकुंद आतल्या खोलीत आला. शाल्मली ट्रेमध्ये हत्यारं मांडत होती.

"आई, तू बरोबर होतीस. मान्य," तो म्हणाला. "पण उद्या चुकलीस तर? यापुढे बंद वेळचा फोन माझ्याकडे राहू दे. डॉक्टर मी आहे."

मी कमरेला खोचलेला फोन काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो चक्रावला, इतक्या सहज मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग मी ट्रेकडे हात पुढे केला आणि एकच वाक्य बोलले. ते ऐकून शाल्मली तोंडावर हात धरून बाहेर पळाली, मुकुंदने फोन मला परत दिला, आणि आजतागायत पुन्हा मागितलेला नाही.

मी म्हणाले, "फोन तुझ्याकडे, तर ती पक्कड इकडे दे, उद्यापासून दाढा मी काढते."