नऊशे त्र्याऐंशीची बाकी

पक्षाघाताने अप्पांचा उजवा हात गेला आणि त्यांचं बोलणंही थांबलं. जीभ शाबूत होती. पण म्हैसूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस, खडू धरता येईना म्हणून रुसून बसला. एक दिवस अम्मा वैतागून म्हणाली, "मी एक मोठा नंबर सांगते. तो कसला ते तुम्ही सांगा, बघू." आणि तोंडाला आलं ते बोलली: नऊ लाख एक्क्याण्णव हजार आठशे सत्तेचाळीस.

अप्पांनी डोळे मिटले. "मूळ संख्या असावी. कशानेच भाग जायचा नाही. पण तपासायला हवं."

तपासायचं कोणी? अर्थात मी. जवळजवळ हजारापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग देऊन बघायचा. त्यापुढे जायची गरज नाही, हे त्यांनी मला तीनदा समजावलं. असे एकशे सदुसष्ट भागाकार! मी ऑफिसातून आले की ते एकेक संख्या सांगायचे, मी वहीत भागाकार करून बाकी सांगायची. महिनाभर हेच. अप्पा नीट जेवायला लागले, हसायला लागले. मी मात्र पार कंटाळले होते.

विजयादशमीला तेरा उरले. माझ्याकडे बन्नीमंटपच्या मशालींच्या कवायतीचा पास होता आणि मैत्रिणी फाटकाशी ताटकळत होत्या. मी भागाकार केलेच नाहीत. अप्पा संख्या सांगत गेले, मी पेन नुसतं हलवून मनाला येईल ती बाकी ठोकून देत गेले. नऊशे त्र्याऐंशीला म्हटलं, "चारशे बारा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरी. साकु, पुरे आता. जा, उशीर होईल."

नऊशे एक्क्याण्णवचा शेवटचा भागाकार राहिलाच होता. सुटले एकदाची, एवढंच मला वाटलं.

परत आले तेव्हा अम्मा शेजारणीला सांगत होती, "माझा नंबर मूळ निघाला, हे म्हणाले!" संक्रांतीच्या आत अप्पा गेले.

वर्षभराने ती वही हाती लागली आणि मी ते तेरा भागाकार खरोखर केले. नऊशे त्र्याऐंशीचा भाग हजार वेळा गेला की आठ हजार आठशे सत्तेचाळीस उरतात, आणि त्यात तो बरोबर नऊ वेळा बसतो. बाकी शून्य. एवढं अप्पांना तोंडी आलं नसेल? हा प्रश्न मला आजवर पोखरतो आहे. बसच्या तिकिटावर ते तीन आकडे दिसले तरी मी तिकीट उलटं धरते. अम्माला सांगायचं मी कितीदा ठरवलं. पण ती अजून पाहुण्यांना तो नंबर कौतुकाने ऐकवते, आणि मला लाजेने तोंड उघडवत नाही.

गेल्या रविवारी अवरेच्या शेंगा सोलताना तिने सहज विचारलं, "अप्पा शेवटी शेवटी एकच आकडा पुटपुटायचे बघ. नऊशे त्र्याऐंशी. ते काय होतं गं?"

"त्या भागाकारातलं होतं, अम्मा."

"तो बरोबर आलेला, अल्लवा? तूच केलेलास ना?"

मी हो म्हटलं.