डोळे मिटून बसवलेलं हँडल

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला तुमच्याबरोबर हसता येणार नाही. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शाळेत असताना पैज लावून मसणवटीतल्या चिंचा पाडून खाल्लेला माणूस मी. बायको अमावास्येला घरावरून नारळ उतरवायची, तेव्हा मी त्याच नारळाची चटणी मागायचो. अशा माणसाला हे कागदावर उतरवायला इतकी वर्षं लागली... यातच काय ते समजा.

साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. आमची केळीची वाडी वसईत, रेल्वे फाटकाच्या पश्चिमेला. माझी नोकरी पूर्वेला, गोखिवऱ्यात, पत्र्याचे डबे करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात. जायला-यायला मोटरसायकल घेतली होती. नवी कोरी हं! आधीच्या मालकाचा आत्मा वगैरे ज्यांच्या डोक्यात आलं असेल त्यांनी तो विचार सोडून द्यावा. ती गाडी माझ्याआधी कोणी चालवलीच नव्हती.

त्रास एकच होता, हँडल मला लांब पडायचं. मी उंचीला बेताचा, हात आखूड. पुढे वाकून वाकून मान आखडायची, मनगटं ठणकायची, आणि घरी पोचेपर्यंत बोटांना मुंग्या येऊन ती बधीर व्हायची. त्यात पुढे टाकीवर आमची नीतू बसलेली असायची. चार वर्षांची. तिला रोज सकाळी बालवाडीत सोडून मी कामावर जायचो. पाठ माझ्या छातीला टेकवून, पाय टाकीच्या दोन्ही बाजूंना टाकून ती अशी बसायची, की गाडी तिची आणि मी तिचा ड्रायव्हर.

मंगल, म्हणजे माझी बायको, रोज टोकायची, "अहो, पोर असते पुढे. हात बधीर झाला आणि ब्रेक नाही लागला तर?" शेवटी एका शुक्रवारी — आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची — मी गाडी दामू मिस्त्रीकडे नेली. नीतू हट्ट करून बरोबर आली.

दामूचं गॅरेज गोखिवऱ्यातच, रस्त्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये. माणूस तोंडाचा फटकळ. हँडल बसवायची त्याची एक पद्धत होती. त्याने नट ढिले केले, मला एकट्याला सीटवर बसवलं आणि म्हणाला, "डोलं मिट. खांदं सोड ढिलं. आता हात पुढं ने, बगू नको कुठं जातान ते. जिथं आपसूक थांबतील, तिथं तुजा हँडल."

मी तसं केलं. हात पोटापासून दोन वीत पुढे जाऊन थांबले. दामूने हँडल खाली फिरवून, मागे ओढून बरोबर माझ्या मुठींत आणलं आणि नट आवळले. खरं सांगतो, इतकं सुख वाटलं! मान सरळ, कोपर सैल, मनगटावर भार नाही.

"आता पोरीला बसव नि परत डोलं मिट," तो म्हणाला, "वलताना हँडल तिला लागाय नको." आणि पाना शोधायला पेटीकडे वळला.

मी नीतूला टाकीवर बसवलं. शेडमध्ये एक कोंबडी फिरत होती, तिच्याशी नीतूच्या गप्पा चालल्या होत्या. मी हँडलच्या मुठी धरल्या आणि डोळे मिटले.

आणि पोर गेली.

याहून वेगळं मला सांगता येत नाही. छातीवरचा भार गेला. केसांतल्या खोबरेल तेलाचा वास गेला. बडबड मधेच तुटली. बाकी सगळं होतं — दामूची पेटीत खुडबूड, रस्त्यावरचा हॉर्न, कोंबडीसुद्धा. मी घाबरून दोन्ही हात मागे ओढले, ते सरळ माझ्याच शर्टाच्या बटणांना लागले. मधे काहीच नव्हतं.

डोळे उघडले तर हात मुठींवरच, जणू हललेच नव्हते. नीतू जागच्या जागी. मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"बाबा, तू कुठं गेलतास?"

"कुठं जानार तो?" दामू पेटीजवळून वळून बघत म्हणाला. "हितंच तर बसलाय."

अंगाला दरदरून घाम आला. पण तेव्हाचा मी हट्टी. ऊन लागलं असेल, सकाळपासून पोटात काही नाही, असं स्वतःला समजावलं आणि गाडीला किक मारली. तेवढं एक करायला नको होतं.

रस्त्याला लागल्यावर नीतू खांब मोजायला लागली. तो तिचा नेहमीचा उद्योग. "एक... दोन... तीन..." मी मुद्दाम तिच्या आवाजाकडे कान लावला. पाच म्हणाली, सहा म्हणाली. मग माझी पापणी लवली, आणि ती "आठ" म्हणाली.

चुकली असेल म्हटलं. चारच वर्षांची पोर. पण पुढे तिने नीट मोजलं, आणि पुन्हा पापणी लवली तशी पुन्हा एक आकडा गळला. मग मी डोळे ताणून धरले. वाऱ्याने पाणी वाहायला लागलं, तरी मिटले नाहीत. गाडी हळू केली. थांबावं, तर मागून खडीच्या खाणीवरचे ट्रक एकामागोमाग येत होते आणि कडेला खोल चर खणलेला. मनातल्या मनात म्हणत होतो, ते पुढचं वडाचं झाड येऊ दे, तिथे जागा आहे, तिथे थांबतो.

झाड दिसायला लागलं आणि एक ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. धुळीचा लोट सरळ तोंडावर आला. डोळ्यांत खडीची कच गेली आणि डोळे गच्च मिटले. उघडायचा जीव तोडून प्रयत्न केला, उघडेनात.

माझ्या दोन हातांच्या मधे मोकळा वारा होता. मी ओरडलो, "नीतू!" उत्तर नाही. ब्रेक दाबला, पाय खाली टेकवले, बोटांनी पापण्या ओढून उघडल्या.

ती होती. धुळीने पांढरी झालेली, पण होती. आणि तिने हँडलच्या दोन्ही मुठी आपल्या हातांनी धरल्या होत्या. आधी तिचे हात तिथवर कधी पोचलेच नसते. दामूने हँडल जवळ आणलं, म्हणून पोचले.

"हे काय करतेस?"

"तू परत गेलतास," ती म्हणाली. रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. "गाडी चालतच होती. कोणीच नव्हतं, मग मीच धरली."

मी गाडी वडाखाली सोडली. कुलूप लावायचंही सुचलं नाही. पोरीला खांद्यावर घेतलं आणि फाटक ओलांडून घरापर्यंत चालत आलो, धुळीने डोळे लालभडक झालेले तरी उघडे ठेवून. मंगलने दारातच विचारलं, "काय झालं?" मी पोर तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "आधी धर तिला." मग डोळ्यांवर पाणी मारलं. त्या दिवशी मंगलने दृष्ट काढली. मीही नीतूच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी वडाखालून गाडी नेली आणि दामूकडून हँडल होतं तसं करून घेतलं. तो चिडला, "काल तं सुख वाटत व्हतं!" नीतूला पुन्हा कधी गाडीवर बसवलं नाही, आणि वर्षाच्या आत गाडीच काढून टाकली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हाताच्या नसा दबल्या होत्या, त्यामुळे स्पर्श कळला नसेल. असेल. पण माझे हात बधीर होते म्हणून त्या पोरीला मी दिसेनासा होईन का? आकडे का गळले? दामूला मी दिसत होतो, मग तिला का नाही? हे डॉक्टरांना विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं — आराम करा. काही जण विचारतील, पुन्हा डोळे मिटून का नाही बघितलं? तुमची पोर असती तर तुम्ही बघितलं असतं?

मी नाही बघितलं. तिला जवळ घेऊन मी कधीच डोळे मिटले नाहीत. तिला यातलं काही आठवत नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तिचं लग्न झालं, विरारला मनवेलपाड्यात दिली. पाठवणीच्या वेळी ती गळ्यात पडली. मांडवात सगळे हुंदके देत होते, मंगलचा तर धीरच सुटला होता. मी तिला घट्ट धरून मांडवाच्या दिव्याकडे टक लावून उभा. मागून कोणीतरी म्हणालं, बाप मोठा कठीण काळजाचा आहे.

नीतू कानाशी म्हणाली, "बाबा, तू का नाही रडत?"

"तू गाडीत बस," म्हटलं, "मग रडतो."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा डोळे मिटले आणि पोटभर रडलो. मग डोळे पुसायच्या आधी खिशातला मोबाईल काढून तिला लावला.

"पोचलीस का गं?"

"अरे बाबा, अजून पाच मिनिटं पण नाही झाली!" ती रडता रडता हसली.

"असू दे," मी म्हणालो, "बोलत राहा जरा."