बादलीतले दोन मासे

गवंडीबुवांनी उभा जन्म दुसऱ्यांची घरं बांधली. स्वतःच्या हौसेसाठी म्हणून पहिल्यांदा थापी धरली ती अंगणातल्या माशांच्या हौदासाठी. तीन बाजू सिमेंटच्या आणि समोर जाड काच, रांगत्या नातीला मासे दिसावेत म्हणून.

मासे सोडले त्याच्या दुसऱ्या सकाळी तीन उताणे तरंगत होते.

"बुजले असतील बिचारे," बायको म्हणाली.

पुढच्या सकाळी आणखी मेले. त्याच दिवशी नातीचं पोट बिघडलं आणि बुवांच्या काळजात धस्स झालं. हौद ज्या नळाने भरला, त्याच नळाच्या पाण्यात तिचं पावडरचं दूध कालवलं जात होतं.

"दात येताहेत हो, बाबा," सून म्हणाली. "तुमचाच चेहरा का उतरलाय?"

खरं सांगायला जीभ रेटेना. शेजाऱ्यांच्या विहिरीतून कळशी भरून आणून त्यांनी ती ओट्यावर ठेवली.

"आपल्या नळाला काय धाड भरली?" बायकोने विचारलं.

"त्यांचं पाणी गोड लागतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी कडू पाजलं म्हणायचं!"

दुपारी डोकावून बघतात, तर कळशी काठोकाठ तशीच आणि सुनेने नळाचंच पाणी उकळत ठेवलेलं. विष काय उकळून जातं?

हौदात आता दोनच मासे उरले होते. बुवांनी बादली नळाखाली भरली, दोघांना तिच्यात सोडलं आणि समोर फतकल मारून बसले. मासा जरा कलला की यांचा श्वास अडके. माशासाठी त्यांनी आजवर कधी देवाला साकडं घातलं नव्हतं. "जगव रे यांना," ते पुटपुटत होते, "माझ्या पोरीसाठी जगव."

दिवेलागणीलाही दोघे बादलीत गरागरा फिरत होते.

मग खोट होती कुठे? बुवांनी हौदात हात घातला. पाणी बुळबुळीत लागलं आणि बोटांच्या भेगा चरचरल्या. ही चरचर त्यांच्या ओळखीची होती. ओल्या सिमेंटचा चुना! हौद पक्का व्हावा म्हणून त्यांनी तो भरून ठेवला होता. बांधकामाला मारलेलं पाणी गवंडी कधी उपसून फेकत नाही. ते मुरायचंच असतं. त्याच सवयीने, आयता भरलेला हौद बघून, त्यांनी त्या चुनवणी पाण्यात मासे सोडले होते.

सुटलो म्हणत ते घरात गेले आणि सुनेला सगळं सांगून बसले. ती पांढरीफटक पडली.

"पाण्यात विष आहे असं वाटत होतं, मी ते बाळाला पाजत होते, आणि तुम्ही गप्प?"

"तूही घाबरली असतीस गं."

"मग? दोघं मिळून घाबरलो असतो!"

तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं. बुवा बाहेर आले, हौदाचं बूच ओढलं आणि पाणी गटाराकडे धावू लागलं तरी कठड्याला धरून उभेच राहिले.