क्रुसाच्या पायथ्याशी

त्या हिवाळ्यात अमिरातीतल्या अल ऐनच्या आमच्या नर्सेस क्वार्टर्समध्ये सकाळी भिजलेल्या वाळूचा गार वास यायचा. खजुराच्या बागांना पाणी सोडलं की तो सावल्यांतून वाट काढत थेट स्वयंपाकघरात शिरायचा. अशाच एका सकाळी माझी आयरिश सहकारी नोरा हिने मला तिच्या गावच्या दफनभूमीचा फोटो दाखवला. ओल्या गवतात उभा, शेवाळाने मढलेला, हजारेक वर्षांपूर्वीचा दगडी क्रूस आणि त्याच्याभोवती दाटीवाटीने निजलेले तिचे पणजोबा, आजी, बाबा. ‘‘बाबांच्या शेजारी माझी जागा आहे,’’ ती म्हणाली, एसटीत रुमाल टाकून ठेवावा इतक्या सहज. स्पष्टच सांगते, जळले मी.

क्रूस आमच्याही गावी आहे, वसईकडे, चर्चमागे. पोर्तुगीज अमदानीतला, दरवर्षी चुन्याचे हात खाऊन नक्षी बुजलेला, पण दगडीच. त्याच्या पायथ्याशी आई आहे. मात्र आमच्याकडे जमीन थोडी. घरातलं पुढचं माणूस गेलं की जुनी कबर उघडतात, अस्थी गोळा करतात आणि नव्याला तिथेच निजवतात. आईजवळ पुढची मीच, असं मी परदेशात बसून मनाशी धरून चालले होते.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. आमच्याच घरात राहणारी विधवा काकू गेली होती.

‘‘ताई, आईची कबर उघडावी लागेल. तू मोठी, म्हणून विचारतो.’’

आईचं शेवटचं आजारपण काकूनेच काढलं. तिचे केस विंचरले, तोंडात पाणी घातलं. मी इथे परक्यांची आजारपणं काढत होते. आणि आता ती जागाही हिलाच? मेलेल्या बाईचा, तेही इतकं केलेल्या बाईचा मत्सर करावा, अगं बाई, इतकी का मी हलकी! पण तो होता.

‘‘आईच्या अस्थी कुठे ठेवाल?’’

‘‘काकूच्या पायाशी. नेहमी तसंच करतात ना.’’

फोनवर त्याच्यामागे बायकांची रोझरीची प्रार्थना चालली होती. सगळे माझ्या होकारासाठी खोळंबले होते.

‘‘उघडा,’’ मी म्हणाले. ‘‘पण पायाशी नको, उशाशी ठेवा. शेवटी शेवटी आईला तिच्याशिवाय झोप लागत नव्हती.’’

फोन ठेवला तरी जळफळाट शमेना. पण आता मला हेवा वाटत होता तो आईचा. तिच्याजवळ काकू होती.