हिरव्या साडीतली बाई

शेजारच्या प्लॉटवर नुकतंच भूमिपूजन झालं. संध्याकाळी सुनंदा मोबाइलवर आर्किटेक्टने पाठवलेलं तिच्या घराचं चित्र दाखवायला आली. व्हरांड्यात झोपाळा, झोपाळ्यावर हिरव्या साडीतली बाई, हातात चहाचा कप. मी बघतच राहिले. आमचं घर बांधताना हीच बाई माझ्या चित्रात होती. आर्किटेक्टही हाच, ह्यांचा वर्गमित्र. "वहिनी, ही तुम्ही," म्हणाला होता.

त्या एका वाक्यावर मी व्हरांडा वाढवला. फी बांधकामाच्या खर्चावर टक्क्याने ठरलेली, त्यामुळे तीही वाढली. तो खर्च भागवायला सासूबाईंची तळमजल्यावरची खोली रद्द केली. आता त्या कठडा धरून जिना चढतात. तरी वाटायचं, दमून आलेली बाई संध्याकाळी कुठे टेकेल, हे न सांगता ओळखणारा कुणीतरी भेटला. आपण विटा-सिमेंटचे पैसे मोजतो म्हणतो, पण हात सैल सुटतो तो कुणीतरी आपल्याकडे नीट बघितलं म्हणून. आणि ह्याने तर बघितलंच नव्हतं. कॉम्प्युटरमधली तयार बाई उचलून बसवली होती. मेल्याने साडीचा रंगसुद्धा बदलला नव्हता.

"खर्च जरा हाताबाहेर चाललाय गं," सुनंदा म्हणाली. मग दोन बोटांनी चित्र मोठं करत लाजून हसली. "पण ही बघ, ही मी. दिसते ना माझ्यासारखी?"

"हुबेहूब," मी म्हटलं.