निळं पातळ आणि बाईंची बॅट

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आणि अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत विलायतेहून आलेल्या एक बाई शिकवत. या बाई इंग्लंडच्या बायकांच्या संघातून क्रिकेट खेळल्या होत्या. बोटीने कित्येक आठवडे प्रवास करून ऑस्ट्रेलियात खेळून आल्या होत्या. भूगोलाच्या तासाला नकाशावर ऑस्ट्रेलिया दाखवता दाखवता त्या तिथल्या मैदानात शिरत, आणि घंटा होईपर्यंत काही बाहेर येत नसत. ज्या बॅटीने त्या तिथे खेळल्या ती वर्गाच्या कपाटात असे, तेल पिऊन पिवळीधम्मक झालेली. मला ती बॅट हवी होती. त्यानंतर आयुष्यात मला काहीच इतकं हवंसं वाटलं नाही, लग्न धरून.

बाईंनी आम्हांला क्रिकेट शिकवायला घेतलं तेव्हा मी सगळ्यांत पुढे. वडील वकील, म्हणून नियम पाठ करायची खोड घरातूनच आलेली. सहा महिने मी बाईंची लाडकी होते. मग शेंदूरजनाघाट गावची ती मुलगी आली.

तिच्या घरची संत्र्यांची बाग होती, आणि शिकायला म्हणून ती अमरावतीत मामाकडे राहायला आली होती. पहिल्याच दिवशी बाईंनी चेंडू उंच मारला. आम्ही साऱ्याजणी डोक्यावर हात घेऊन पांगलो, आणि हिने तो असा झेलला की आवाजसुद्धा झाला नाही. बाईंनी विचारलं, "हे आपण कुठे शिकलात?" बाईंचं मराठी पुस्तकातून आलेलं, त्या आम्हां पोरींनाही अहोजाहो करत.

"त्याले काय शिकाचं हाय?" ती म्हणाली. "बाबा झाडावरून संत्रं टाकते, आमी खाली झेलतो. मार लागला का सडते ते."

बाई म्हणाल्या, असे हात त्यांच्या संघातही एखादीचेच होते. सहा महिन्यांत माझ्या हातांबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. आईला वाटलं, पोट बिघडलं. बिघडलं होतंच, पण ओव्याने बरं होण्यातलं नव्हतं.

पुढे तर तिने बॅटही धरली आणि माझ्यासारखीच खेळू लागली. माझ्यासारखीच म्हणते, कारण माझ्यापेक्षा चांगली असं लिहायला आजही हात धजत नाही. शिवाय ती पळायची. आम्ही शहरातल्या मुली गोल पाचवारी पातळं नेसायचो, ती गावाकडचं नऊवारी लुगडं, कासोटा मारून. पातळ म्हणजे सुधारणा आणि लुगडं म्हणजे खेडं, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वर्गातल्या मुली तिच्या लुगड्याला हसायच्या, आणि मैदानात एका हातात निऱ्या धरून बदकासारख्या चालायच्या. मी दुसरी धाव घ्यावी की नाही याचा विचार करेपर्यंत ही पोचून परत निघालेली असे. हे सगळं त्या लुगड्यामुळे, हे एवढ्या मुलींत फक्त माझ्या लक्षात आलं. जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते.

थंडीत बाईंनी सांगितलं की त्या मायदेशी परत जाणार आहेत. जाण्याआधी अकोल्याला साहेबलोकांच्या बायकामुलींशी आमचा सामना होईल, आणि आमच्यात जिच्या धावा सगळ्यांत जास्त, तिला ती बॅट मिळेल. सगळ्या मुलींनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी तिला गाठलं. म्हटलं, "अकोल्याला मोठमोठ्या मडमा येणार. तुझ्या लुगड्याला हसतील. तुला हसल्या तर चालेल, पण बाईंची मान खाली जाईल." आणि माझं निळं पातळ, नवंकोरं, तिच्या हातात दिलं. तिने त्याचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. म्हणाली, "बाईसाठी नेसतो मी." आमच्या वऱ्हाडात पोरीही असंच बोलतात.

सकाळी स्टेशनवर ती आली ती निळ्या पातळात, अंग चोरून. मी मात्र आईचं लुगडं नेसले होते, कासोटा घट्ट खोचून. ती थबकली.

"तू कावून लुगडं नेसली?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं. "माझ्याकडे नेण्यासारखं पातळ एकच होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना तिने माझी पिशवीही उचलली. मी उचलू दिली.

सामन्यात आम्ही दोघी एकत्र खेळत होतो. पातळात अडखळतही ती माझ्यापुढे तीन धावांनी होती. मी चेंडू लांब मारला. एक धाव सहज होती, दुसरी तिच्या लुगड्यात झाली असती. पहिली पुरी होताच मी दुसरीसाठी ओरडले, "ये." तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि निघाली. अर्ध्या वाटेत निऱ्या पायात आल्या आणि ती तोंडावर पडली. पातळ टर्रकन फाटलेलं मला दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. त्या मडमांनी स्टंप उडवले, आणि हसल्याही.

सामना आम्ही हरलो. पण ती बाद झाल्यावर मी खेळत राहिले, आणि धावा माझ्या सगळ्यांत जास्त झाल्या. बाईंनी आधी तिचा गुडघा धुतला, पट्टी बांधली, मग बॅट आणून माझ्या हातात ठेवली. माझ्या कासोट्याकडे एकदा पाहून म्हणाल्या, "धावा मोजल्या आहेत. बॅट आपली आहे." एवढंच. मला शाबास म्हणाल्या नाहीत, आणि महिनाभरात निघून गेल्या.

आठ दिवसांनी ती लंगडत आमच्या घरी आली. एका हातात संत्र्यांची टोपली, दुसऱ्या हातात धुऊन घडी घातलेलं पातळ. "तुयं एकच चांगलं होतं, मायामुळं फाटलं," ती म्हणाली. मग पातळ माझ्या हातात देऊन, "ते बॅट मले एकडाव हातात धरू देतं काय?"

बॅट आत माझ्या खोलीत, पलंगावरच होती.

"आईने कपाटात कुलूपबंद केली आहे," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली आणि गेली. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. तिचं लग्न झालं असं ऐकलं.

ती गेल्यावर मी पातळ उलगडलं आणि फाटलेली जागा शोधू लागले. दारात उजेडाला धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. तिने ते इतकं बारीक रफू केलं होतं की मला जागा सापडली नाही. बॅट माझ्या घरात होती, आणि मी दारात उभी राहून त्या टाक्यांवर जळत होते.